भेदराच्या (म्हणजे टमाटराच्या) आकाराचा चावीचा टायमर, सैपाकघरासाठी : वापरून पाहिलेला रिव्ह्यू

सगळ्यात आधी सांगून टाकते, हा टायमर घ्याच. ज्या घरची बाई पहाटे उठून भाकरी थापून वावरात जाते आणि संध्याकाळी आल्यावर तिला ओट्याकडे पाहवत नाही, त्या घरासाठी दोन-तीनशे रुपयात याच्याइतकी कामाची वस्तू मला तरी दुसरी दिसली नाही. मिक्सर, चिमणी, भांडे घासायची मशीन यांचे रिव्ह्यू पाहिजे तेवढे वाचायला मिळतात पण ते सगळे शहरातल्या सैपाकघराचे, आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, पाणी बोअरचं, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय मातीचे, म्हणून म्हटलं आपल्या इकडच्या हिशोबाने पण कोणीतरी लिहायला पाहिजे.

वस्तू अशी आहे. लाल प्लास्टिकचा गोल टायमर, मुठीत मावेल एवढा, वर हिरवा देठ, मधून दोन भाग. वरचा भाग फिरतो, कडेला शून्यापासून साठपर्यंत मिनिटाचे आकडे आहेत. आत स्प्रिंग आहे. सेल नाही, चार्जिंग नाही, प्लग नाही. पीळ दिला की टिकटिक करत परत फिरते आणि शून्यावर आलं की टर्रर्र करून घंटी वाजते, काही सेकंद वाजते आणि आपोआप बंद होते. मी आर्वीला एका भांड्याच्या दुकानातून घेतला २८० रुपयाला, मागच्या पोळ्याच्या आधी. ऑनलाईन याच्याहून स्वस्त पण दिसतात, महाग पण दिसतात, काही कोंबडीच्या आकाराचे, काही अंड्याच्या, काही साधे पांढरे. आतलं काम सगळ्यांचं सारखंच.

वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवायची जी डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली असते नाहीतर लिहिलेलीच नसते. दहा मिनिट किंवा त्याच्याहून कमी लावायचे असतील तर थेट पाचवर नेऊन सोडायचं नाही. आधी साठपर्यंत पूर्ण न्यायचं, स्प्रिंगला नीट पीळ बसू द्यायचा, मग मागे आणून पाचवर ठेवायचं. असं केलं नाही तर मधातच अडकते किंवा घंटी फुसकी वाजते आणि लोक म्हणतात वस्तू खराब निघाली.

आता तुम्ही म्हणाल मोबाईलमध्ये टायमर असतेच की, त्याला वेगळे पैसे कशाला. मोबाईलचा टायमर लावायला हात कोरडा पाहिजे, आणि सैपाकघरात हात एक तर पिठाचा असते नाहीतर साबणाचा. दुसरं म्हणजे घरात एकच चांगला मोबाईल असला तर तो संध्याकाळी पोरांच्या हातात नाहीतर ह्यांच्या खिशात. आणि समजा मिळालाच, तर टायमर लावायला म्हणून उघडते आणि समोर नणंदेच्या घरच्या कार्यक्रमाचे फोटो येऊन पडलेले असतात, दोन मिनिट पाहू म्हणून बसलं की अर्धा तास जाते आणि भांडे तिथेच. हे भेदरं फक्त मिनिटं मोजते, त्याला दुसरं काही येतच नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

हा टायमर काही साफसफाई करत नाही. भांडे आपल्यालाच घासावे लागतात. मग याचा उपयोग काय तर सुरुवात. कापूस वेचणीच्या दिवसात संध्याकाळी घरी आलं की पाठ वाकत नाही, बोटांना बोंडाचे ओरखडे, आणि सैपाकघरात सकाळचा तवा, काटवटीला वाळून बसलेलं ज्वारीचं पीठ, वरणाचा गंज (पातेलं), चहाचे कप, पोरांनी दुपारी येऊन खाल्ल्याचे ताटं, पावशीखाली (विळीखाली) सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. हे सगळं एकदम डोळ्यासमोर आलं की मन म्हणते आता नाही, जेवण झाल्यावर पाहू. जेवण झाल्यावर म्हणते सकाळी. आळशी बाई म्हणून असं होत नाही, काम एवढं मोठं दिसते की त्याला टोकच सापडत नाही. मग मी ठरवलं की सैपाकघर साफ करायचंच नाही. दहा मिनिट लावायचे आणि त्या दहा मिनिटात एकच गोष्ट करायची, फक्त ताटं-वाट्या, किंवा फक्त ओटा, किंवा फक्त गॅसच्या भोवतालचं. घंटी वाजली की थांबायची मोकळीक. ही मोकळीक खरी द्यायची स्वतःला, नावापुरती नाही. थकलेल्या दिवशी घंटी वाजली की मी खरंच हात धुऊन खाटेवर जाऊन बसते, आणि ज्या दिवशी जीव असते त्या दिवशी परत पीळ देते. पण दहा मिनिटात तेवढे ताटं तर घासून झालेले असतात ना, ते काही परत खरकटे होत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर उभं राहताना कालचा डोंगर नसते. उमेद अशीच येते असं माझं पक्कं मत झालं आहे. आधी उमेद आणि मग काम असं होत नाही, थोडंसं काम आधी होते आणि त्याच्या मागून उमेद येते.

भेदराच्या टायमरवर काम करायची पद्धत तशी जुनी आहे. इटलीतल्या फ्रांचेस्को सिरिलो नावाच्या माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, शिकत असताना, सैपाकघरातला असाच टमाटराचा टायमर समोर ठेवून अभ्यास सुरू केला आणि मग पंचवीस मिनिट काम, पाच मिनिट आराम अशी पद्धत बसवली जी आता जगभर ऑफिसातले लोक वापरतात. पण पंचवीस मिनिट आपल्याला जमत नाही. खुर्चीवर बसून अभ्यास करणाऱ्याला सलग पंचवीस मिनिट मिळतात, शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला कोण देते, तेवढ्यात दूधवाला येते, बैल सुटते, सासऱ्याला चहा लागते, कोणी दारात येऊन आवाज देते. म्हणून माझा सल्ला दहाच मिनिटाचा. पाच पण चालतात.

आणि एक, तो कधी लावायचा ते पक्कं ठेवायचं. माझं संध्याकाळच्या चहाला जोडलेलं आहे, चहाचा कप खाली ठेवला की पीळ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवय कशी लागते यावर ९६ लोकांचा अभ्यास झाला होता, २००९ साली आला. त्यात लोकांनी आपली नवीन गोष्ट अशीच रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडली होती, नाश्त्यानंतर वगैरे. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणाचा हिशोब २५४ दिवसावर गेला, मधला आकडा ६६ चा. आपण ऐकून असतो ना की एकवीस दिवसात सवय लागते, ते काही खरं नाही, आणि नाही लागली म्हणून मनाला लावून घ्यायचं पण कारण नाही. मला त्यातलं सगळ्यात धीराचं वाटलं ते हे की एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. आमच्याकडे तर दिवस चुकणारच. सोयाबीन काढायला आलं, थ्रेशर रात्रीच मिळालं, पाहुणे आले, कोणाची तेरवी आली, त्या दिवशी कुठला टायमर. दुसऱ्या दिवशी कप ठेवला की परत लावायचा.

दहा मिनिटात काय काय होते ते आता सांगते, कारण वस्तू चांगली आहे एवढं म्हणून भागत नाही.

गॅसच्या मागची भिंत घ्या. फोडणी उडून उडून तिथे पिवळट चिकट थर येते, हात लावला तर बोट चिकटते, त्याच्यावर धूळ बसते आणि मग ते साध्या फडक्याने निघतच नाही. याचं कारण तेलातच आहे. जवसाचं तेल हवेत राहून राहून आपोआप घट्ट होते, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाला लावायला वापरतात, आणि सोयाबीनच्या तेलाला पण थोडा तोच गुण आहे. म्हणजे आज उडालेलं तेल आज नुसत्या गरम पाण्याच्या फडक्याने आणि भांड्याच्या साबणाने निघते, दिवाळीपर्यंत ठेवलं तर खरवडावं लागते. एकदा साचलं असेल तर लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकायचा, फडकं भिजवून टाईल्सवर थापून ठेवायचं, तोपर्यंत दुसरं काही करायचं, मग खालून वर पुसत जायचं आणि साध्या पाण्याने परत पुसायचं. एका पिळात टाईल्सची एकच ओळ. मी पूर्ण भिंत अशीच ओळ-ओळ करून काढली आणि आता संध्याकाळी भाजी झाली की ओट्यासोबतच तिच्यावरून एक फडकं फिरते, त्याला टायमर पण लागत नाही. सोडा हाताला लागतो, चरचरते, म्हणून हातमोजे नसतील तर नंतर हाताला खोबरेल तेल लावा. आणि हा सोडा अल्युमिनियमच्या भांड्याला लावू नका, काळं पडते.

काटवटीचं पण तसंच. ज्वारीचं पीठ ओलं आहे तोवर नुसत्या हाताने निघून येते, तासभरात वाळलं की चिवट. भाकरी झाल्याबरोबर काटवटीत पाणी टाकून ठेवायला अर्धं मिनिट लागते आणि ते अर्धं मिनिट संध्याकाळचे पाच मिनिट वाचवते. लाकडाची असेल तर पाण्यात भिजत ठेवायची नाही, चिरते, लगेच पुसून उभी करायची.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हा आपल्याकडचा वेगळाच त्रास. नळाच्या तोंडाला, स्टीलच्या गुंडाला (कळशीला), मोरीच्या कडेला चुन्यासारखा थर बसते, कारण तो चुनाच असते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहते. आंबट लावलं की विरघळते. अर्धं लिंबू पिळून झाल्यावर ती साल फेकायची नाही, नळाच्या तोंडाला घासायची, पाच मिनिट राहू द्यायची, मग घासणी मारायची. पण ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर त्याच्यावर अजिबात नको. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचाच दगड आहे, आंबट त्याला खाते आणि चकाकी जाऊन पांढरट चट्टे पडतात जे परत जात नाहीत. कितीतरी व्हिडिओत सर्रास सांगतात ओट्यावर लिंबू घासा, त्यांचा ओटा ग्रॅनाईटचा असते. कडप्प्याला साधा साबण आणि कोरडं फडकं, बस.

आणि हे तर प्रत्येकीला सांगावंसं वाटते, ब्लीचिंग पावडर आणि संडास-बाथरूमचं ॲसिड कधीच एकत्र करू नका. मोरी लवकर साफ होईल म्हणून काही जणी दोन्ही टाकतात, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघते, बंद मोरीत जिवावर बेतू शकते.

रात्रीचा शेवटचा पीळ मी पाच मिनिटाचा देते, त्यात मोरी कोरडी करणे, खरकटं बाहेर नेणे आणि घासणी पिळून खिडकीत ठेवणे एवढंच. झुरळांना खायला कमी मिळालं तरी चालते पण पाणी लागतेच, रात्री मोरी कोरडी असली की फरक पडते. घासणी सकाळी उन्हात. आपल्याकडे उन्हाची काय कमी, एप्रिल-मे मध्ये तर तासाभरात कडक वाळते, ओली घासणी मात्र दिवसभर तशीच पडली की तिच्यातच जंतू वाढतात आणि आपण त्याच्यानेच ताटं घासतो.

सासूबाईंना पहिल्यांदा हे पटलं नव्हतं. "काहून वं, हे भेदरं काय टिकटिक करून रायलं, आम्ही का घड्याळ लावून भांडे घासले का?" त्यांचं पण खरं होतं, त्यांच्या वेळेला चुलीवरचं सगळं, गंजाला बाहेरून राखेचा लेप लावून मगच चुलीवर ठेवायच्या म्हणजे काजळी लेपासोबत निघून यायची, काम जमेल तसं आधीच सोपं करून ठेवायची अक्कल त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. पण आता त्यांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही, आणि एक दिवस त्या स्वतःहून म्हणाल्या, "लाव वं तुह्यं भेदरं, घंटी वाजेपावतर मी तांदूळ निवडून घेतो." आता संध्याकाळी एकच पीळ दोघींचा असते, मी ओट्यावर आणि त्या खाली पाट घेऊन. टर्रर्र झालं की त्या हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणतात, "झालं, आता टेक जरा." मला दिवसभरात बस म्हणणारं दुसरं कोणी नसते, म्हणून मला ते फार बरं वाटते.

पोरगी दहावीला आहे, ती अभ्यासाला तोच टायमर घेऊन जाते आणि मग माझ्या वेळेला सापडत नाही. घरात शिकणारं लेकरू असेल तर दोन घ्या.

आपल्या विदर्भात स्वच्छतेचं कोणाला नवीन सांगावं लागत नाही. गाडगेबाबा इथलेच, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले, आणि त्यांच्याबद्दल आजी-आजोबांपासून सगळे हेच सांगतात की गावात आले की पहिले खराटा हातात घ्यायचे, समोर जो रस्ता दिसला तिथून सुरू, आणि कीर्तन संध्याकाळी. सुरुवात कुठून करायची याचा विचार करत ते बसले नाहीत. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावच्या गाव झाडून निघाले, मी तेव्हा शाळेत होते, आम्ही पण झाडलेलं आहे. पण गावाचा रस्ता सगळे मिळून झाडतात आणि सैपाकघरात बाई एकटीच असते, तिथे सुरुवातीला कोणीतरी सोबत लागते, आणि मला ती सोबत या टिकटिकीत मिळाली. रात्री लाईन गेली, इमर्जन्सी लाईटच्या उजेडात मी भांडे घासत असले तरी तो चालूच असते.

आता कमी काय ते पण लिहिते. पाच मिनिट लावले तर अगदी पाच मिनिटालाच वाजेल असं नाही, अर्ध्या-एक मिनिटाचा फरक पडते. साफसफाईला त्याने काही बिघडत नाही पण केक वगैरे करणाऱ्यांनी यावर भरवसा ठेवू नये. बूड गुळगुळीत आहे, ओल्या ओट्यावर घसरते, मी खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे. मागे चुंबक नाही, असते तर लोखंडी कपाटाला लावून ठेवता आलं असतं, काही टायमरला चुंबक असते तर तसा मिळाला तर तोच घ्या. पाण्याखाली धुवायचा नाही, आत पाणी गेलं की स्प्रिंग गंजते, ओल्या फडक्याने पुसायचा आणि कुकरच्या वाफेपासून लांब ठेवायचा. आकड्यांचा रंग बोटं लागून लागून पुसट होते, माझ्याचा दहाचा आकडा जवळजवळ गेलाच आहे, मी नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे तिथे. आणि घंटी वाजली तरी हा काही गॅस बंद करत नाही, दूध ठेवून अंगणात जायची सवय असेल तर याच्या भरवशावर जाऊ नका, अंगणात टिकटिक ऐकू येत नाही आणि घंटी पण फार मोठी नाही.

सेलवर चालणारा डिजिटल टायमर माझ्या जावेकडे आहे, मिनिट-सेकंद बरोबर दाखवते, आवाज पण मोठा. पण त्याची बटणं बारीक, ओल्या बोटाने दाबली की दोनदा दाबली जातात, आणि सेल संपला की गावात तो बटणासारखा सेल मिळत नाही, तालुक्याला जावं लागते. तिचा कितीतरी दिवसापासून तसाच पडलेला आहे.

घ्यायला जाल तर बंद डब्यातला घेऊन येऊ नका. दुकानदाराला डबा उघडायला लावा, साठपर्यंत पीळ द्या, मागे पाचवर आणा आणि मोबाईलच्या घड्याळात पाहत पाच मिनिट तिथेच थांबा. कानाजवळ धरून टिकटिक एकसारखी येते का ऐका, मधात थांबत असेल तर दुसरा मागा. घंटी कमीत कमी दोन-तीन सेकंद खणखणीत वाजली पाहिजे. या वस्तूला सहसा गॅरंटी कार्ड वगैरे काही मिळत नाही, त्यामुळे जे पाहायचं ते दुकानातच पाहून घ्या आणि बिल मागून घ्या.